सुई नऊवर, शब्द दोनवर

आमचे हे कवळ्या करतात. डॉक्टर नव्हेत हं. डॉक्टर पेशंटला आ करायला लावतात, तोंडात लगदा भरून हिरड्यांचं माप घेतात आणि ते माप डबीत घालून आमच्याकडे धाडून देतात. मग आमच्या पुढच्या खोलीत हे प्लास्टर ओततात, मेणात एकेक दात उभा करतात, उकळत्या पाण्यात साचा शिजवतात, आणि शेवटी मी मोटरवर कवळी घासून अशी चकचकीत करते की धडधाकट माणसालाही आपले दात काढून ती बसवावीशी वाटेल. गावातले अर्धे म्हातारे आमच्या दातांनी हसतात. बढाई नाही मारत, पण सांगितल्यावाचून राहवतही नाही.

हा झाला पोटाचा धंदा. जिवाचा धंदा मागच्या खोलीत चालतो. ती खोली खरं म्हणजे अंथरुणं ठेवायची. लग्न झालं तेव्हा ह्यांनी मला फार गोडीत विचारलं होतं, "तिथे एक छोटंसं टेबल टाकलं तर चालेल का?" मी नवीन नवरी, म्हटलं चालेल. आज त्या टेबलाला भिंत पुरत नाही, अंथरुणं आमच्या पलंगाखाली आहेत, आणि पाहुणे आले की मी गुडघ्यांवर बसून गाद्या ओढते.

त्या टेबलावर रेडिओ आहे. गाणी लागणारा नव्हे, बोलायचा. परीक्षा द्यायची, सरकारी परवाना काढायचा, गच्चीवर खांब रोवून तार ताणायची आणि मग जगात दुसरीकडे कुणीतरी अशीच तार ताणून बसलेलं असतं, त्याच्याशी बोलायचं. पहिल्या रविवारी मी मोठ्या कौतुकाने दाराशी उभी राहिले. म्हटलं, एवढा खटाटोप करून बोलतायत म्हणजे काहीतरी जगावेगळं बोलणार. काय बोलले? "तू मला पाच-नऊ येतोयस." पलीकडून, "तूपण मला पाच-नऊ." "छान." "छान." झालं! एवढ्यासाठी माझ्या गाद्या पलंगाखाली.

पाच-नऊ म्हणजे काय, ते मला पुढे कळलं. पहिला आकडा, शब्द किती कळतात त्याचा, पाचापर्यंत. दुसरा, आवाजाचा जोर किती त्याचा, नऊपर्यंत. जोर यंत्रावरची सुई दाखवते, शब्दांचा निवाडा आपल्या कानाने करायचा. आणि ह्यात खोटं बोलायचं नाही, हा ह्यांचा धर्म. समोरच्याला बरं वाटावं म्हणून कुणी तिनाचे पाच केले की ह्यांचं डोकं फिरतं. मी एकदा थट्टेने म्हटलं, "माझ्या भाजीलाही द्या की रिपोर्ट." तर जेवता जेवता हा माणूस मान वर करून म्हणतो, "चव तीन, मिठाचा जोर नऊ." त्यानंतर मी रिपोर्ट मागणं सोडून दिलं.

दर रविवारी सकाळी ज्यांच्याशी बोलणं व्हायचं, त्यांना मी 'पलीकडचे' म्हणते. ते एका धरणावर दारं उघड-बंद करायच्या कामाला आहेत. लांब म्हणजे किती लांब, तर आधी आगगाडी, मग बस आणि मग कुणाची तरी जीप मिळाली तर मिळाली. ते दोघं एकमेकांना 'म्हाताऱ्या' म्हणतात. ही रेडिओवाल्यांची रीतच आहे, विशीतल्या पोरालाही म्हातारा म्हणतात. ह्यांनी एकमेकांना म्हाताऱ्या म्हणायला सुरुवात केली तेव्हा दोघांच्या डोक्यावर भरघोस केस होते, आता ते हाक मारणं शोभायला लागलंय. एकमेकांना कधी बघितलेलं नाही. फोनसुद्धा नाही! मी एकदा म्हटलं, "अहो, नंबर घेऊन ठेवा की." तर असं तोंड केलं, जणू मी परीक्षेत कॉपी करायला सांगितलं. म्हणे, "फोनवर काय, कुणीही बोलतं."

पण थट्टा सोडा. पलीकडच्यांची बायको गेली, ती बातमी आमच्याकडे त्या रेडिओवरच आली. हे मागच्या खोलीतून डोळे पुसत बाहेर आले. मी विचारलं काय झालं, तर आधी तोंडातून निघालं, "पाच-नऊ होता," आणि मग खाली बसून बाकीचं सांगितलं. तेव्हापासून ते धरणावरच्या सरकारी खोलीत एकटे आहेत. रविवार सोडला तर बोलायला समोर नुसतं पाणी. म्हणून मी रविवारी सकाळी मोटर लावत नाही, मिक्सर लावत नाही आणि भांडणसुद्धा दुपारवर ढकलते.

तर एका रविवारी हे बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालून.

"काय झालं?"

"सुई नऊवर आहे. अगदी ठणठणीत. पण शब्द दोन."

"म्हणजे?"

"म्हणजे आवाज धो धो येतोय आणि कळत काही नाही. नुसतं फूफू, फूफू."

"आणि तुमचं त्यांना?"

"माझं त्याला पाच-नऊ! मी विचारलं, नीट ऐकू येतंय का, तर त्याने बटण दोनदा टकटक केलं. म्हणजे होय. हा सगळा एकतर्फी प्रकार आहे. माझं तिकडे जातंय, त्याचं इकडे येत नाही."

एकतर्फी प्रकार का होतो, ह्यावर मला मग जेवणभर व्याख्यान मिळालं. एकाचा खांब उंच असतो, दुसऱ्याचा बुटका. एकाचं यंत्र दांडगं असतं, दुसऱ्याचं किडकं. किंवा एकाच्या घरात विजेच्या वस्तू इतकी खरखर करत असतात की त्याला दुसऱ्याचं ऐकूच येत नाही आणि त्याचं मात्र सगळीकडे स्वच्छ जात असतं. हे शेवटचं सांगताना ह्यांची नजर सावकाश आमच्या फ्रीजकडे वळली. मी म्हटलं, "खबरदार!"

पण ऐकतंय कोण. पुढच्या रविवारी फ्रीज बंद. त्याच्या पुढच्या रविवारी सगळ्या घराची वीज बंद आणि हे गाडीच्या बॅटरीवर रेडिओ लावून बसलेले. तरी फूफूच. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांवर संशय. वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे माशांची टाकी आहे, हे हात जोडून त्यांच्या दारात, "वहिनी, सकाळी तासभर माशांचा पंप बंद ठेवाल का?" वहिनी सभ्य आहेत, त्यांनी ठेवला. तासभर टाकीसमोर बसून हाताने पाणी ढवळत राहिल्या बिचाऱ्या. मासे जगले, पण जिन्यात भेटल्या की त्या माझ्याशी फार हळू आवाजात बोलायला लागल्या, घरात दुखणं असलं की बोलतात तसं. नंतर हे गच्चीवर चढले आणि खांब आणखी उंच केला. त्यासाठी माझी कपडे वाळत घालायची दोरी ताण द्यायला वापरली, आणि ती सोडायची नाही असा हुकूम. आमचे परकर कितीतरी दिवस जिन्याच्या कठड्यावर वाळत होते.

एवढं करून फरक शून्य. मग ह्यांनी छडा लावला की दोष आपल्याकडे नाहीच. दोष पलीकडे. "त्याचा मायक्रोफोन बिघडलाय," हे म्हणाले, आणि त्यात काही वाटाघाट नाही अशा सुरात म्हणाले. मी दारातून ऐकत होते. हे रेडिओवर सांगत होते, "म्हाताऱ्या, तुझा जोर नऊ, शब्द दोन. मायक्रोफोन बदल." पलीकडून जे काही आलं ते ह्यांच्या कानावरच्या हेडफोनमध्ये आलं, मला काय ऐकू येणार. ते मोठे हेडफोन चढवले की हे माझंही ऐकत नाहीत, आणि हेडफोन काढले तरी कधी कधी नाही.

पलीकडच्यांनी मायक्रोफोन बदलला. पुढच्या रविवारी ह्यांचा रिपोर्ट, "जोर नऊ, शब्द दोन. दुसरा बघ." त्यांनी दुसरा बघितला. "तरी दोनच. वायर तपास." त्यांनी वायर तपासली. "तोंडापासून लांब धर." मग "तोंडाजवळ धर." मग "जरा सावकाश बोल." मी म्हटलं, "अहो, ते काय म्हणतायत ते तर ऐका." तर हे चिडून, "तेच तर कळत नाहीये ना!"

"आणि वर आणखी एक वैताग," हे एकदा म्हणाले. "त्याचं बोलणं संपत आलं की मध्येच कुणीतरी टिकटिक घुसवतं. टा टी टी, टी टा, टा. बोलण्याच्या जागेवर टिकटिक करायची ही कसली रीत! पण मी ते फिल्टर लावून साफ काढून टाकलं. आता ऐकूसुद्धा येत नाही." आणि इतके खूश, की त्या दिवशी भाजीला न मागता पाच-पाच दिले.

मग ह्यांनी कळस केला. रेडिओवाल्यांची एक रीत आहे, बोलणं झालं की एकमेकांना छापील कार्ड टपालाने पाठवायचं. त्यावर आपला रिपोर्ट लिहायचा, सही करायची. दुसरा ते भिंतीवर लावतो. पलीकडच्यांच्या भिंतीवर आमची कितीतरी कार्डं आहेत म्हणे, सगळ्यांवर पाच-नऊ. ह्यांनी नवं कार्ड घेतलं, छान अक्षरात लिहिलं, 'जोर ९, शब्द २. यंत्राकडे लक्ष द्यावे. प्रामाणिकपणे, तुझा म्हातारा', आणि धाडलं. मी तिकीट चिकटवताना वाचलं आणि म्हटलं, "असं लिहितं का कुणी मित्राला?" तर मला म्हणतात, "मित्राला नाही तर खरं कुणाला सांगायचं?"

त्यानंतरच्या रविवारी पलीकडून काही आलंच नाही. फूफू नाही, टकटक नाही, काही नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही.

ह्यांनी आधी हवामानाला दोष दिला, मग सूर्याला. सूर्यावर डाग पडले की रेडिओचं असं होतं म्हणतात. मी म्हटलं, "सूर्याचं राहू द्या, तुमच्या कार्डाचं बघा." त्यावर उठून पुन्हा यंत्राची सुई बघायला गेले. पण मग जेवण कमी झालं. कामात चुका व्हायला लागल्या, आणि ह्यांच्या कामात चूक म्हणजे ती कुणाच्या तरी तोंडात जाते. एका कवळीत दोन्ही सुळे एकाच बाजूला लावले. दुसरीत खालचे दात पांढरेशुभ्र आणि वरचे चहाच्या रंगाचे. माझी नजर गेली म्हणून, नाहीतर ती बाई तोंड उघडून कुठे गेली असती? एका दुपारी प्लास्टर कालवताना हात थांबवून म्हणाले, "तो माझ्यावर रागावला असेल का गं?" हा प्रश्न ह्यांना आत्ता पडला! पण तोंड इतकं उतरलेलं होतं की माझ्याने टोमणा मारवला नाही. मला खरंच वाईट वाटलं. आयुष्यात ह्यांना एकच मित्र आहे, आणि तोही न बघितलेला.

आणि मग तो दिवस आला. सकाळी आमच्याकडे एक निवृत्त मास्तर कवळी दुरुस्तीला घेऊन आले. हातातून पडून मधोमध दोन तुकडे झाले होते. कवळी डबीत, तोंड रिकामं, आणि मास्तर मोठमोठ्याने काहीतरी सांगतायत. दुसऱ्या कुणाला एक शब्द कळला नसता. हे मान डोलावत होते, "हो, हो. बेसिनमध्ये पडली का? लेकीच्या घरी? बरं, चारला या. नाही नाही, संध्याकाळी लग्नाला जाता येईल." एकूण एक शब्द कळला! कळणारच, जन्म गेला ह्यांचा त्यात. मास्तर रुमालाने तोंड झाकून निघून गेले.

दुपारी मी पुढच्या खोलीत मोटरवर त्यांचीच कवळी घासत होते. हे मागे बसलेले. पलीकडच्यांचं शेवटचं बोलणं ह्यांनी रेकॉर्ड करून ठेवलं होतं, बिघाड नेमका कसला आहे ते अभ्यासायला म्हणून. मी मोटर थांबवली आणि आतून आवाज आला. ह्यांनी हेडफोनची पिन काढून स्पीकरवर लावलं होतं, ते काही मला माहीत नव्हतं. मला वाटलं, मास्तर आले. मी तिथूनच ओरडले,

"बसा हो मास्तर, झालीच तुमची कवळी!"

आतून हे म्हणाले, "कोण आलंय?"

"तुमच्याजवळ नाहीत का बसलेले? बोलतायत की!"

"इथे कुणी नाही. हे रेडिओचं चाललंय."

मी पदराला हात पुसत आत गेले. खोलीत हे एकटे. स्पीकरमधून एक म्हातारा माणूस अगदी काकुळतीला येऊन बोलत होता, "माफे फाफ... फरणाफ पलले रे, म्हाफाऱ्या..."

"अहो," मी म्हटलं, "ह्यांचे दात पडलेत."

"कुणाचे?"

"पलीकडच्यांचे! सरळ सांगतायत की ते. 'माझे दात धरणात पडले रे, म्हाताऱ्या.' पुन्हा लावा बघू."

ह्यांनी पुन्हा लावलं. मी वाक्य-वाक्य सांगत गेले, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यापासून मी सांगायची गरजच राहिली नाही. ह्यांचे कान उघडले. कानावरचा रेडिओवाला उतरला आणि आतला कवळीवाला जागा झाला. पलीकडचे सांगत होते, की कठड्यावरून वाकून पाण्याची पातळी बघत होतो, मोठी शिंक आली आणि दोन्ही कवळ्या गेल्या खाली, आता माशांना झाल्यात. तालुक्याच्या डॉक्टरांनी ताबडतोब नव्या करू म्हटलं, पण मी नको म्हणालो. माप मात्र त्यांच्याकडून घेऊन ठेवलंय. ते तुला पाठवू का? आता दात घालायचेच तर तुझ्या हातचे घालीन. आणि शेवटी, "दर रविवारी विचारतोय रे. नसतील करायचे तर नाही म्हण. मायक्रोफोनचं निमित्त कशाला सांगतोस?"

रेकॉर्डिंग तिथे संपलं नव्हतं. शेवटी ती टिकटिक होती. मूळ रेकॉर्डिंगला फिल्टर नव्हता ना. टा टी टी, टी टा, टा. ह्यांनी कागदावर एकेक अक्षर उतरवलं. परीक्षेपुरती शिकलेली ती मोर्स लिपी, त्यानंतर कधी लागली नव्हती, म्हणून ओठ हलवत, बोटं मोजत, बालवाडीतल्या मुलासारखं. अक्षरं जुळली तेव्हा शब्द निघाला, दात. दात. दात. तोंडाने कळत नाही म्हटल्यावर त्या बिचाऱ्याने बोटाने सांगायला सुरुवात केली होती, आणि आमच्या ह्यांनी यंत्राची कळ फिरवून तेही पुसून टाकलं होतं.

मला हसू आवरेना. खाली बसून हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. कवळ्या करणारा माणूस! सकाळी मास्तरांचा शब्दन्‌शब्द कळला आणि हे मात्र सूर्यावरचे डाग शोधत बसले! मग ह्यांच्याकडे बघितलं आणि हसू तिथेच थांबलं. हे कागदाकडे बघत बसले होते.

"मी त्याला कार्ड पाठवलं," हे म्हणाले.

"हो."

"त्याला वाटलं, मी नाही म्हणतोय."

"हो हो, तेच वाटलं असणार. आता उठा आणि बोला त्यांच्याशी!"

"तो उत्तरच देत नाही."

"उत्तर नाही देत, पण तुमचं त्यांना पाच-नऊ जातं ना? एकतर्फी प्रकार आहे ना हा? मग एकतर्फी बोला! यंत्र त्यांनी फेकून नसेल दिलं. रागावलेला माणूस गप्प बसतो, पण कान देऊन गप्प बसतो. मला विचारा."

रविवार यायची वाट बघायची नाही, असं मी बजावलं. ह्यांनी यंत्र लावलं, घसा खाकरला आणि रिकाम्या रेडिओत बोलायला लागले. "म्हाताऱ्या, मी गाढव आहे. तुझा मायक्रोफोन उत्तम आहे. तिन्ही मायक्रोफोन उत्तम होते. माप पाठव. दात करतो. आधीच केले असते. मला कळलंच नाही रे." थांबले. पलीकडून काही नाही. पुन्हा तेच सांगितलं. मधेच कुठल्यातरी तिसऱ्याच गावचा एक रेडिओवाला घुसला, "तुमचं इथे पाच-नऊ येतंय, पण दात कुणाचे?" ह्यांनी त्याला सगळं सांगितलं. मग एक चौथा आला, त्याच्या सासूच्या कवळीबद्दल विचारत. मग पाचवा, सल्ला द्यायला. थोड्याच वेळात अर्ध्या जगाला कळलं की आमच्या ह्यांना मित्राचे दात पडलेले समजले नाहीत. अख्खं आकाश हसत होतं, फक्त ज्याने हसायला हवं होतं तो गप्प होता. हे मात्र हटले नाहीत. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी तेच. "म्हाताऱ्या, मी गाढव आहे. माप पाठव." माझ्या तर कानाला त्याची सवय झाली. कुणी मला विचारलं असतं की तुमचे यजमान सकाळी काय म्हणतात, तर 'मी गाढव आहे' म्हणतात, असं सांगितलं असतं.

आणि एक दिवस टपालवाला एक खोका घेऊन आला. आत कापसात गुंडाळलेली दोन मापं, वरच्या हिरडीचं आणि खालच्या हिरडीचं. बरोबर चिठ्ठी नाही, नाव नाही, काही नाही. ह्यांनी ती मापं दोन्ही हातांत धरली आणि कितीतरी वेळ बघत राहिले. वरच्या हिरडीला डावीकडे जरा खड्डा होता, त्यावरून हलकेच अंगठा फिरवला. "असा आहे होय हा," म्हणाले. इतक्या वर्षांत मित्राला पहिल्यांदा बघितलं ते असं आतून.

ती कवळी ह्यांनी जशी केली तशी दुसरी केलेली मी पाहिली नाही. दातांचा रंग निवडायला उजेडात खिडकीशी जाऊन बसले. "फार पांढरे नकोत, धरणावर ऊन असतं, लांबून चमकतील." मेणातले दात लावले, काढले, पुन्हा लावले. पुढचा एक दात जरासा तिरका बसवला. मी म्हटलं, "हे कशाला?" म्हणे, "सगळे सरळ असले की खोटे वाटतात. आणि तो तसा सरळ माणूस नाहीये." घासायचं काम माझं असतं, पण ह्या वेळी मला हात लावू दिला नाही. मी थोडी रागावले. मग ह्यांनी मला शेवटचं पुसायला दिलं, तेवढ्यावर मी मानलं. खोका तालुक्याच्या डॉक्टरांच्या पत्त्यावर गेला, बसवून द्यायला.

त्यानंतरच्या रविवारी हे भल्या सकाळी यंत्रापुढे. फ्रीज मी माझ्या हाताने बंद केला. वरच्या वहिनींना निरोप गेला होता, त्यांनी माशांचा पंप बंद केला आणि स्वतः खाली आल्या, म्हणाल्या, एवढं केलंय तर शेवट तरी ऐकते. ह्यांनी हेडफोन लावले नाहीत. सगळ्यांना ऐकू येईल असं स्पीकरवर ठेवलं आणि हाक दिली. काही नाही. पुन्हा दिली. नुसती खरखर.  मनात आलं, आज काही आलं नाही तर हा माणूस मोडेल.

मग सुई उडाली आणि थेट नऊवर गेली.

"गाढवा!"

एकदम खणखणीत. ग, ढ, व, सगळं जागच्या जागी. आणि मग जे सुरू झालं! "मायक्रोफोन बदल म्हणतोस? तीन झाले, तीन! वायर तपास म्हणतोस? पावसात खांबावर चढलो होतो मी त्या वायरीसाठी! इकडे दुधात पाव बुडवून गिळतोय, माणसात जायची लाज वाटते म्हणून बाजारात जात नाही, आठवडाभर कुणाशी बोलत नाही, एकटा तू आहेस ज्याच्याशी बोलावं, आणि तू मला शब्द दोन म्हणून कार्ड पाठवतोस? छापील? सही करून?" राग इतक्या दिवसांचा साठलेला, एकही अक्षर वाया गेलं नाही. वहिनींनी तोंडावर हात ठेवला. मला ह्यांच्या जागी लाज वाटली.

आणि हे? हे स्पीकरकडे झुकून ऐकत होते. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. पलीकडचे दम घ्यायला थांबले तेव्हा ह्यांनी बटण दाबलं.

"गाढव पाच-नऊ आलं," हे म्हणाले. "बाकीचंही सगळं पाच-नऊ. पुन्हा एकदा म्हण रे."

पलीकडे शांत.  सुई मात्र नऊवरच होती, म्हणजे त्यांनी बटण दाबून धरलेलं होतं आणि बोलत नव्हते. मी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वहिनी स्पीकरशी कान नेऊन उभ्या.

मग स्पीकरमधून मोठ्ठा आवाज आला, कर्रकन्! आम्ही तिघंही दचकलो. पाठोपाठ दुसरा, कर्रकन्, आणि मग मायक्रोफोनच्या अगदी जवळून कुणीतरी सफरचंद चावत असल्याचा, चवीचवीने, मुद्दाम चावत असल्याचा आवाज.

ह्यांनी डोळे पुसले. ह्या वेळी आकडे नाहीत, काही नाही. बटण दाबलं आणि म्हणाले,

"हळू चाव रे, म्हाताऱ्या. नवीन आहेत."